घोडी मान झटकते : वेस्टर्न रायडिंगसाठी कोणतं बिट घ्यावं?

खारघरची_आई | ११ जून, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळा आहे, पण इथे घोड्यांशी संबंध असलेले तीन-चार जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून विचारते.

लेक पंधरा वर्षांची, दोन वर्षांपासून घोडेस्वारी शिकते. मागच्या हिवाळ्यात आम्ही सारंगखेड्याच्या यात्रेतून एक मारवाडी घोडी आणली. सहा वर्षांची आहे, नाव चांदणी. पनवेलच्या पुढे एका शेतावर तबेला आहे, तिथे महिन्याच्या हिशोबाने ठेवली आहे. लेकीला वेस्टर्न पद्धत शिकायची आहे. पुढे मूठ असलेलं मोठं खोगीर, सैल लगाम, एका हाताने घोडा वळवणं, हे सगळं तिला मनापासून आवडतं.

आम्ही ऑनलाइन एक बिट (घोड्याच्या तोंडात बसणारी, लगाम जोडायची सळई) मागवलं. पाकिटावर ‘वेस्टर्न स्नॅफल’ लिहिलं होतं. मध्ये एक सांधा, दोन्ही बाजूंना खाली लोंबणाऱ्या दांड्या, हनुवटीखाली पट्टा. माप सव्वापाच इंच. ते घातल्यापासून चांदणी मान वर झटकते, तोंड उघडते, जीभ बाजूने बाहेर काढते. डावीकडे वळायचं म्हटलं की मान ताठ. कॅंटरला (दुडकीहून वेगवान चालीला) लागली की डोकं आभाळाकडे आणि मग थांबत नाही. गेल्या रविवारी लेक कुंपणापर्यंत तशीच गेली. माझे हातपाय गळाले.

तिथले शिकवणारे म्हणतात, घोडी तोंडाची कडक आहे, आणखी लांब दांडीचं बिट घ्या आणि नोजबँड (नाकावरचा पट्टा) आवळून तोंड बंद करा. विकणाऱ्याने एवढंच सांगितलं होतं की घोडी आधी वरातीत नाचवायचे.

कोणतं बिट घेऊ? फोटो खाली टाकला आहे.

---

घोडबंदर_रोड | ११ जून, रात्री ११:०२

फोटो पाहिला. हे स्नॅफल नाही, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. उद्या सविस्तर लिहितो. तोवर हे बिट घालू नका आणि तोंड तर अजिबात आवळू नका.

---

सानपाडा_पंधरा | १२ जून, सकाळी ७:३०

दात कधी तपासले होते? मी महालक्ष्मीच्या शर्यतींतून निवृत्त झालेला थरोब्रेड सांभाळते. तोही असाच मान झटकायचा. चार बिटं बदलली, पैसे गेले, आणि शेवटी दाढेची धार निघाली. गालाला आतून जखम होती. बिटाचा दोष नव्हताच. आधी डॉक्टर बोलवा.

---

खारघरची_आई | १२ जून, सकाळी ९:१०

दात तपासलेले नाहीत. खाते व्यवस्थित, म्हणून मनात आलं नाही.

---

घोडबंदर_रोड | १२ जून, रात्री ९:४५

आता निवांत लिहितो. मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो (या बंदरात अरबी घोडे उतरायचे, म्हणून हे नाव, असं आमच्याकडे सांगतात). काही वर्षं परदेशात एका रँचवर काम केलं, तिथे वेस्टर्न शिकलो.

स्नॅफल आणि कर्ब यातला फरक मधल्या सांध्यावरून ठरत नाही. लगाम कुठे जोडला आहे यावरून ठरतो. लगाम तोंडातल्या सळईच्या थेट टोकाला, म्हणजे कडीला जोडला असेल तर ते स्नॅफल. तुम्ही एक किलोचा ओढा दिला तर घोड्याला तेवढाच जाणवतो. लगाम खाली दांडीच्या टोकाला जोडला असेल तर ती तरफ झाली, म्हणजे कर्ब. मग मध्ये सांधा असो वा नसो.

कर्बच्या दांडीचे दोन भाग असतात. सळईच्या वरचा, ज्याला हेडस्टॉल (डोक्यावरून जाणारा पट्टा) आणि हनुवटीचा पट्टा जोडतात, आणि खालचा, ज्याला लगाम जोडतात. वरचा दीड इंच आणि खालचा साडेचार इंच असेल तर प्रमाण एकास तीन. मुलीने बोटभर ओढलं की घोडीला साधारण तिप्पट जोर लागतो, आणि तोही एका जागी नाही. जिभेवर, हिरडीवर, हनुवटीखाली आणि कानांमागे माथ्यावर, सगळीकडे एकदम.

तुमच्या फोटोतल्या प्रकाराला तिकडे ‘टॉम थंब’ म्हणतात. दांडी तशी आखूड दिसते, त्यामुळे लोकांना सौम्य वाटतं. पण मध्ये एकच सांधा आणि बाजूला दांड्या, या जोडीने काय होतं ते हातात धरून बघा. दोन्ही लगाम ओढले की सळई मधून मोडते आणि खालचा जबडा अडकित्त्यात सुपारी धरावी तसा धरते. वर हनुवटीचा पट्टा आवळतो. आणि एकच लगाम ओढला, समजा डावा, तर दांडी फिरते, तिरकी होते आणि डाव्याच गालावर दाब येतो. घोडीला एकाच वेळी ‘डावीकडे ये’ आणि ‘डावीकडून सर’ असं दोन्ही ऐकू येतं. ती मान ताठ करून उभी राहते याचं मला नवल वाटत नाही.

आखूड दांडीबद्दल आणखी एक. तिचा परिणाम पटकन होतो, घोड्याला आगाऊ सूचना मिळत नाही. मागे वळलेल्या लांब दांडीला हात जास्त अंतर चालवावा लागतो, तेवढ्यात जाणता घोडा आधीच उत्तर देतो. पण तो जाणता घोडा हवा आणि वरचा हातही जाणता हवा. तुमच्याकडे दोन्ही अजून शिकताहेत. म्हणून लांब दांडीचा सल्ला आज तरी चुकीचा आहे, हे मी ठामपणे सांगतो.

---

तुर्भे_ट्रॉट | १२ जून, रात्री १०:२०

मग वेस्टर्नवाले सगळे कर्बच का वापरतात? व्हिडिओत तर लांब लांब दांड्याच दिसतात.

---

घोडबंदर_रोड | १२ जून, रात्री १०:५०

कारण मूळ काम गुरं वळण्याचं. एका हातात दोर, म्हणून लगाम दुसऱ्या एकाच हातात. लगाम सैल लोंबतो, मानेला नुसता टेकला की घोडा वळतो. बसण्यातला वजनाचा बदल आणि पायाचा स्पर्श यावर निम्म्याहून अधिक काम होतं. बिट फक्त खूण देतं.

पण तिथवर यायला वर्षं लागतात. कॅलिफोर्नियातल्या जुन्या स्पॅनिश वाकेरो (गुराखी) परंपरेत तर आधी बोसाल, म्हणजे नाकावरचं वेणीदार चामड्याचं कडं. मग बोसाल आणि बिट दोन्ही एकत्र, चार लगाम. आणि त्यानंतर नुसतं बिट. व्हिडिओत दिसतो तो शेवटचा घोडा. त्याच्या मागचे पाच-सहा हिवाळे दिसत नाहीत.

अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशनच्या नियमांतही हेच आहे. पाच वर्षांपर्यंतचा घोडा स्नॅफल किंवा बोसालमध्ये दोन हातांनी दाखवता येतो, सहाच्या पुढे बहुतेक स्पर्धांत कर्ब आणि एक हात. कर्बची दांडी जास्तीत जास्त साडेआठ इंच, सळईच्या मध्ये जिभेवर येणारी कमान साडेतीन इंचांहून उंच नको. म्हणजे तिथेही आधी स्नॅफलच. आणि हे वय पहिल्यापासून नीट शिकवलेल्या घोड्यांचं आहे. चांदणी सहा वर्षांची असली तरी या शाळेत ती पहिलीतच आहे.

---

पशुवैद्य_कोपरी | १३ जून, दुपारी २:०५

धागा वाचला. घोडे माझा रोजचा विषय नाही, आता बहुतेक कुत्री-मांजरंच बघतो, पण परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकताना तोंडं बरीच उघडून पाहिली आहेत.

घोड्याच्या पुढच्या दातांत आणि दाढांत मोकळी जागा असते. तिथली हिरडी म्हणजे खालच्या जबड्याच्या हाडाची धार आणि वर पातळ कातडी. बिट तिथे बसतं. स्वतःच्या नडगीवर बोट दाबून बघा, तसंच हाड आणि तेवढंच पांघरूण. त्यावर सतत जोर आला की हाडाचं आवरण सुजतं, पुढे तिथे गाठ धरते.

दुसरं, वरच्या पहिल्या मोठ्या दाढेच्या पुढे कधीकधी एक बारकासा दात असतो, त्याला वुल्फ टूथ म्हणतात. नर-मादी दोघांनाही असू शकतो. बिट त्यावर आपटलं की घोडा मान झटकतो. काही घोड्यांत तो हिरडीखाली दडलेला असतो, वरून दिसत नाही, बोटाला लागतो.

तिसरं, दाढा आयुष्यभर वर सरकत राहतात आणि घासल्या जातात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे वरच्या दाढांना बाहेरून, गालाकडे, आणि खालच्यांना आतून, जिभेकडे, धार येते. कुट्टी आणि खुराक जास्त, चरणं कमी, अशा तबेल्यातल्या घोड्यांत हे लवकर होतं. अशा तोंडावर नोजबँड आवळला की गाल त्या धारेवर दाबला जातो. तोंड बंद करून घोडी ‘शांत’ झाली असं वाटेल, पण ती फक्त तोंड उघडू शकणार नाही, एवढंच.

घोडी खाते म्हणजे दात ठीक, हे खरं नाही. घास तोंडातून गळतोय का, शेणात अख्खे दाणे येतात का, पाहा. घोड्यांचे डॉक्टर बोलवा, तोंड उघडं ठेवायचं यंत्र लावून, गुंगी देऊन, आतपर्यंत हात घालून तपासणारे. गव्हाणीपाशी उभं राहून ओठ वर करून बघितलं तर काहीही कळत नाही.

आणि वरातीतली घोडी म्हणालात. माझी शंका काटेरी लगामाची आहे.

---

नेरळकर | १३ जून, रात्री ८:३०

डॉक्टरसाहेबांची शंका बरोबर असावी. आमचे आजोबा माथेरानला घोडा चालवायचे, मीही लहानपणी दस्तुरी नाक्यापासून वर पर्यटक नेले आहेत. वरातीत घोडा जागच्या जागी नाचवायचा तर मागे टाच आणि पुढे तोंडात काटे, दोन्ही एकदम. पुढे जाता येत नाही, मागे राहता येत नाही, म्हणून तो पाय उचलत राहतो. लोक टाळ्या वाजवतात. मला तो नाच बघवत नाही.

ताई, घोडीच्या तोंडाच्या कोपऱ्यांवर आणि जिभेच्या कडेला हळूच बोट फिरवून बघा. जुना काटेरी लगाम असेल तर कोपऱ्यात केस नसलेली, पांढरट, जाड कातडी लागते. जिभेला खाच असते. अशा घोडीला धातूची खुळखुळ ऐकूनच मान वर करायची सवय लागते. हनुवटीखाली हात नेला तरी दचकते का बघा.

आजोबा बिटाला कडियाळं म्हणायचे. थंडीत सकाळी ते कडियाळं आधी दोन्ही तळव्यांत धरून ऊब द्यायचे आणि मगच तोंडात द्यायचे. हिरडीच्या मोकळ्या जागेत अंगठा सारला की घोडा आपणहून तोंड उघडतो. दातावर लोखंड आपटलेलं त्यांना अजिबात खपायचं नाही.

---

पशुवैद्य_कोपरी | १३ जून, रात्री ९:१५

नेरळकरांच्या पोस्टला जोडून. काटेरी बिट बेकायदा आहे. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्राने जे क्रूरता प्रतिबंधक नियम केले, त्यात काटे, गाठी, टोकं असलेली काठी, बिट किंवा साज स्वारीसाठीसुद्धा वापरायला मनाई आहे. मूळ कायदा १९६० चा. तरीही बाजारात उघड मिळतात. कोणाच्या वरातीत दिसलं तर निदान घरच्यांना सांगा, बहुतेकांना ठाऊकच नसतं.

---

तुर्भे_ट्रॉट | १४ जून, सकाळी ८:००

मग बिट हवंच कशाला? सरळ बिटाशिवायचा हॅकमोर घ्या. तोंडात काही नाही, त्रास नाही.

---

सानपाडा_पंधरा | १४ जून, सकाळी ८:४०

‘बिटाशिवाय’ या शब्दावर जाऊ नका. हॅकमोर नावाने दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात. एक बोसाल. दुसरा यांत्रिक हॅकमोर, त्याला दोन्ही बाजूंना लोखंडी दांड्या आणि खाली साखळी. तो पुन्हा तरफच, फक्त तोंडाऐवजी नाकावर. नाकाचं हाड खाली निमुळतं होत जातं आणि पुढे नुसती कूर्चा. पट्टा खाली सरकला तर श्वासावर दाब येतो. बोसालसुद्धा हाडावरच बसायला हवा, मऊ भागावर नाही. तात्पुरतं वापरायचं असेल तर बाजूने लगाम जोडलेला साधा साइडपुल घ्या. पण तोही तपासणीनंतर.

---

कामोठे_काका | १४ जून, सकाळी ११:२५

सगळं मान्य, पण एक गोष्ट विसरली जातेय. साडेतीनशे-चारशे किलोचं जनावर पंधरा वर्षांच्या पोरीला घेऊन पळतंय. उद्या शेताबाहेर रस्त्यावर गेलं तर? शिकवणाऱ्यांनी कडक बिट सांगितलं ते काळजीपोटीच. ब्रेक नको का? तुम्ही साधं स्नॅफल सांगताय, त्याने ही घोडी थांबणार कशी?

---

घोडबंदर_रोड | १४ जून, रात्री १०:१०

काका, प्रश्न अगदी योग्य आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

पहिलं, आज त्या मुलीने त्या घोडीवर उघड्या जागी बसूच नये. डॉक्टर येईपर्यंत तर स्वारीच नको.

दुसरं, दुखणाऱ्या तोंडात जास्त दुखणारी वस्तू घातली तर घोडा थांबत नाही, दुखण्यापासून पळतो. समोरून येणाऱ्या धोक्यापासून पळणं हाच घोड्याचा स्वभाव आहे. चांदणी डोकं आभाळाकडे नेते, कारण मान तशी केली की बिट हिरडीवरून सटकून तोंडाच्या कोपऱ्यांकडे जातं. तिच्या दृष्टीने तिने सुटका शोधलेली आहे. आणखी लांब दांडी लावली तर आणखी वर डोकं, आणि मग मागच्या पायांवर उभं राहणं. ते कुंपणापर्यंत पळण्यापेक्षा किती तरी भयंकर.

तिसरं, थांबवणं शिकवावं लागतं. दोन्ही लगाम जोराने ओढले तर घोडा त्यांच्यावर रेलून ताकद लावू शकतो, आणि ताकदीत आपण हरणारच. एका लगामाने मान बाजूला वळवली तर मागचे पाय एकमेकांवरून ओलांडावे लागतात आणि जोर मोडतो. पण हे आधी जमिनीवर उभं राहून, मग चालीत, मग दुडकीत, शेकडो वेळा करून घ्यायचं. भरधाव घोड्याची मान अचानक हिसडली तर तो पडू शकतो, स्वारासकट. या एका लगामासाठी स्नॅफलच हवं, कारण त्यात डावा लगाम म्हणजे फक्त डावी बाजू. टॉम थंबने हे शिकवता येत नाही.

चौथं, मुलीचा हात. तिच्यावर टीका नाही, सगळ्यांचं होतं. दुडकीत तोल गेला की नवा स्वार लगामाला धरतो. मी शिकवताना एक प्रयोग करतो. एकाने बिट दोन्ही मुठींत धरून डोळे मिटायचे, दुसऱ्याने मागून लगाम धरायचे आणि हळूहळू ओढायचं, सोडायचं. मूठ धरणाऱ्याने कुठल्या क्षणी कळलं ते सांगायचं. करंगळी मिटली तरी कळतं. दोघांनी जागा बदलून पाहावी. नंतर मुलं लगाम वेगळा धरतात, मला सांगावं लागत नाही.

---

खारघरची_आई | १४ जून, रात्री ११:००

हा प्रयोग आम्ही आत्ताच घरी केला. मी बिट धरलं, तिने लगाम. ती नेहमी धरते तसं धर म्हटलं. माझ्या मुठी पुढे ओढल्या गेल्या. तिला रडू आलं. उद्या डॉक्टरांना फोन करते.

---

घोडबंदर_रोड | १४ जून, रात्री ११:१२

तिला सांगा, चार दिवसांत सुधारण्यासारखी गोष्ट आहे ही. पुढच्या वेळी चांदणीच्या गळ्यात एक दोरी बांधा, तोल गेला तर लगामाऐवजी ती धरायची.

---

खारघरची_आई | २४ जून, रात्री ९:३०

डॉक्टर काल येऊन गेले. यायला वेळ लागला, पाऊस आणि त्यांचं कर्जतचं काम, पण दीड तास दिला त्यांनी.

वरच्या दाढांना दोन्ही बाजूंना धार, डाव्या गालाच्या आत बोराएवढी जखम. डावीकडेच एक वुल्फ टूथ, हिरडीतून जेमतेम डोकं काढलेला. तो काढला, दाढांना कानस मारली. नेरळकर, तुम्ही म्हणालात तेच. ओठांच्या कोपऱ्यात जुने वळ, जिभेच्या उजव्या कडेला खाच. खालच्या हिरडीवर डावीकडे हाड जाड झालंय. तीन आठवडे तोंडात काहीही घालायचं नाही.

आणि तोंड आतून लहान आहे, टाळू सखल, जीभ मांसल. डॉक्टर म्हणाले सव्वापाच इंच हिला सैलच होणार. आता माप कसं घ्यायचं आणि काय घ्यायचं ते सांगा.

---

घोडबंदर_रोड | २५ जून, रात्री १०:००

माप दोऱ्याने घेऊ नका, दोरा जिभेवर झोळ खातो. गुळगुळीत गोल लाकडी काठी घ्या, पेन्सिलीहून थोडी जाड. बिट बसतं तिथे आडवी धरा, दोन्ही ओठांच्या बाहेर लगेच चिकटपट्टी लावा आणि पट्ट्यांमधलं अंतर मोजा. बिटाचं माप आतल्या बाजूने, कडीपासून कडीपर्यंत असतं. फिरत्या गोल कड्यांचं असेल तर दोन्हीकडे साधारण पाव इंच जागा हवी, नाहीतर ओठ चिमटतो. स्थिर कड्यांचं असेल तर जेमतेम अंतर पुरे. फार मोठं बिट तोंडात डावी-उजवी सरकतं आणि सांधा मध्यावर राहत नाही.

सळईची जाडी. पुस्तकी नियम असा की जाड ती सौम्य, बारीक ती तिखट, कारण बारीक सळई हिरडीत रुतते. पण चांदणीसारख्या लहान तोंडात जाड सळई मावतच नाही, जीभ सतत दाबलेली राहते. वीस मिलिमीटरची पोकळ जाड सळई ‘सौम्य’ म्हणून विकतात, ती हिच्यासाठी नको. बारा ते चौदा मिलिमीटर पाहा.

सांधा एकच असला की ओढल्यावर तो टाळूकडे उठू शकतो, आणि तुमच्याकडे टाळू सखल. म्हणून तीन तुकड्यांचं घ्या, मधला तुकडा शेंगदाण्यासारखा गोल गुळगुळीत. मधे चपटा पत्रा असलेलंही मिळतं, त्याची कड जिभेत बसते, ते नको. बाजूच्या कड्या इंग्रजी डीच्या आकाराच्या. त्या गालावर सपाट बसतात, वळताना बाहेरून हलकासा दाब देतात, त्यामुळे डावीकडचा गोंधळ सुटायला मदत होईल.

उंची अशी की ओठांच्या कोपऱ्यात एक सुरकुती, फार तर दोन. कोपरा हसल्यासारखा ताणलेला दिसला तर वर झालंय.

हनुवटीखाली सैल पट्टा लावा, लगामाच्या पुढून. स्नॅफलला तो आवळण्यासाठी नसतो, एका बाजूने ओढल्यावर कडी तोंडातून आत जाऊ नये एवढ्यासाठी.

---

सानपाडा_पंधरा | २६ जून, सकाळी ७:५०

धातूबद्दल. वेस्टर्नवाले स्वीट आयर्नचं कौतुक करतात. ते गंजतं, तो गंज घोड्याला गोडसर लागतो, लाळ सुटते, तोंड ओलं राहतं. गोष्ट खरी आहे. पण आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत काहीही सुकत नाही, चार दिवस टांगून ठेवलं की पोपडे धरतात. मी पावसाळ्यात स्टीलचं वापरते, मधला तुकडा तांब्याचा. दर वेळी नुसत्या पाण्याने धुऊन कोरडं करायचं. चामड्याला बुरशी येते ती वेगळी, खोगिराची खोली बंद ठेवू नका.

स्वस्त मुलामा दिलेलं बिट घेऊच नका, मुलामा उडाला की कडा चाकूसारख्या होतात. घेताना कापसाचा बोळा सळईवरून आणि सांध्यांतून फिरवा. जिथे धागे अडकले तिथे तोंड फाटणार. जुन्या बिटाचीही दर महिन्याला अशीच तपासणी करा.

आणि चांगल्या वस्तूसाठी परदेशी मागवायची गरज नाही. कानपूरहून खोगिरं-लगाम जगभर जातात, वेस्टर्नसुद्धा. विचारलं तर माप सांगून मिळतं.

---

कामोठे_काका | २६ जून, सकाळी ९:००

गालाला जखम होती हे वाचून वाईट वाटलं. माझा आधीचा सूर मागे घेतो. मुलीला आशीर्वाद.

---

खारघरची_आई | १७ ऑगस्ट, रात्री ८:२०

उशिरा लिहितेय, पण लिहायचंच होतं.

काठीवर माप पावणेपाच इंच आलं. तीन तुकड्यांचं, तेरा मिलिमीटरचं, डी कड्यांचं स्टीलचं घेतलं. पहिले तीन आठवडे साइडपुल आणि फक्त जमिनीवरचं काम. लेक तिच्या शेजारी उभी राहून दोर हलका धरायची, चांदणीने नाक बोटभर तिच्याकडे आणलं की त्याच क्षणी सोडायची. सुरुवातीला चांदणी दोन मिनिटं ताठ उभी राहायची. लेकही उभी राहायची. मी छत्री धरून.

बिट पहिल्यांदा दाखवलं तेव्हा खुळखुळ ऐकून तिने मान वर केलीच. नेरळकरांच्या आजोबांसारखं आम्ही ते तळव्यांत धरलं, थोडा गूळ लावला, आणि चार दिवस नुसतं घालून काढलं, लगाम न जोडता. पाचव्या दिवशी तिने आपणहून तोंड उघडलं.

तबेला बदलला. आधीच्या ठिकाणी नोजबँडवरून रोज वाद व्हायला लागला होता.

गेल्या रविवारी बारीक पाऊस होता. लेकीने चालीत डावीकडे नुसतं पाहिलं, कमरेतून वळली, डावी करंगळी मिटली. चांदणी वळली. लगाम सैलच होता. मग दुडकीत आठचा आकडा काढला. तोंड बंद, ओठांवर थोडा फेस, एक कान मागे लेकीकडे. कॅंटर अजून घेतला नाही, घाई नाही.

कर्बवर कधी जायचं?

---

घोडबंदर_रोड | १७ ऑगस्ट, रात्री ९:५५

वाचून फार आनंद झाला. तो मागे वळलेला कान मला इथून दिसला.

तिन्ही चालींत सैल लगामावर वळते, थांबते, मागे सरते आणि मानेला लगाम टेकल्यावर बाजू सोडते, हे सगळं स्नॅफलमध्ये व्हायला लागलं की विचार करा. मला वाटतं दीड-दोन वर्षं. तेव्हाही अखंड सळई, बुटकी कमान जिभेला जागा देणारी, एकास दोन-अडीच प्रमाण, दांडी मागे वळलेली. पट्टा असा लावा की दोन बोटं सपाट आत जातील आणि दांडी साधारण पंचेचाळीस अंश फिरल्यावरच तो हनुवटीला लागेल. पण हिच्या हिरडीवर जुनी गाठ आहे. कर्ब तिला कधीच मानवला नाही तर जन्मभर स्नॅफलमध्ये चालवा. आपल्याला अमेरिकेतल्या स्पर्धेत जायचं नाही, आणि शेतावर कोणी वयाचा दाखला मागत नाही.

---

पशुवैद्य_कोपरी | १७ ऑगस्ट, रात्री १०:३०

वर्षाने दात पुन्हा तपासून घ्या, तारीख आत्ताच लिहून ठेवा. गालाची जखम भरली का?

---

खारघरची_आई | १८ ऑगस्ट, सकाळी ८:०५

भरली. डॉक्टरांनी परवा पाहिली. पुढची तारीख फ्रीजवर लावली आहे.

---

उरण_रायडर | १८ ऑगस्ट, दुपारी १:४०

ताई, ते जुनं सव्वापाच इंचाचं विकायचं आहे का? माझ्या घोड्याला माप बसेल.

---

खारघरची_आई | १८ ऑगस्ट, दुपारी ३:१५

ते नाही देणार, माफ करा. लेकीने त्याला लगाम बांधून खुंटीवर ठेवलंय. नव्या तबेल्यात लहान मुलं शिकायला येतात, त्यांना ती आधी ते मुठीत धरायला लावते. तुमच्या घोड्याचं माप काठीने घ्या आणि तोंडाचे फोटो टाका, इथले सगळे मदत करतील.